घाटाखाली आलेले लेसर यंत्र

घाटावर उत्तम चालणारे यंत्र कोकणात उतरले की आजारी पडते, असे आमच्याकडचे जुने वायरमन सांगतात. आम्ही ते हसण्यावारी नेत असू. मार्च २०२३ मध्ये आमच्या शाळेने एक जुने लेसर कोरीवकाम यंत्र विकत घेतले आणि या म्हणण्यात किती अर्थ आहे ते आम्हांला चार महिने शिकावे लागले.

यंत्र कोल्हापूरच्या एका रबरी शिक्के करणाऱ्या गृहस्थांकडचे. त्यांनी मोठे यंत्र घेतले, हे अडगळीत पडले. आम्ही दोघे, एक विज्ञान शिकवणारा आणि एक कार्यानुभव पाहणारा, कोल्हापूरला जाऊन ते चालताना पाहून आलो. आमच्यासमोर त्याने तीन मिलिमीटर जाडीचे प्लायवुड सफाईने कापले. पालकांच्या वर्गणीतून पैसे दिले, टेम्पोत घालून फोंडा घाट उतरलो आणि मालवणजवळच्या आमच्या शाळेत यंत्र मांडले. तेथे प्लायवुड कापणे राहिलेच, त्याला कागदावर डागही पाडता येईना. फोनवरून ज्या दोन मेकॅनिकांना विचारले, त्या दोघांचेही उत्तर एकच आले : ट्यूब संपली, नवी घाला. नव्या ट्यूबची किंमत आम्ही यंत्रासाठी दिलेल्या रकमेच्या निम्मी होती. पालकांपुढे पुन्हा हात पसरायचा की यंत्रावर चादर घालून ठेवायची, असा प्रश्न होता.

असे यंत्र शाळेला कशासाठी, हेही सांगायला हवे. मालवणच्या परिसरात करवंट्यांना, म्हणजे आमच्या करट्यांना, तोटा नाही, बांबूही पुष्कळ. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळे आणि खेळणी मुलांनी जवळून पाहिलेली असतात. तो रंग आणि तो हात या यंत्राला येणार नाही, आणि यावा अशी आमची इच्छाही नव्हती. भूमितीच्या वहीत काढलेली आकृती वस्तूवर उतरताना मुलांनी पाहावी आणि ती का चुकते हे स्वतः शोधावे, एवढाच हेतू होता. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात २००२ साली फॅब लॅब उभी राहिली. तेव्हापासून अशी यंत्रे खेड्यातल्या मुलांच्या हाती येऊ शकतात हे आमच्या मनात होते. शोधण्याचे काम मात्र मुलांआधी आमच्याच वाट्याला आले.

यंत्राच्या पोटात

या यंत्रातील लेसर कार्बन डायऑक्साइड वायूचा आहे. त्याचा शोध डॉ. चंद्रकुमार नारणभाई तथा कुमार पटेल यांनी १९६४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत लावला. त्यांचा जन्म १९३८ साली आपल्या बारामतीचा आणि अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याचे. ही माहिती वर्गात सांगितली की मुलांचे यंत्राकडे बघणेच बदलते, असा आमचा अनुभव आहे.

सुमारे सत्तर सेंटीमीटर लांबीच्या काचेच्या ट्यूबमध्ये कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन आणि हेलियम यांचे मिश्रण कमी दाबाखाली भरलेले असते. दोन टोकांना पंधरा ते वीस हजार व्होल्टचा विद्युतदाब दिला की आत जांभळट गुलाबी प्रकाश पडतो. तो लेसर नव्हे. वेगाने धावणारे इलेक्ट्रॉन नायट्रोजनच्या रेणूंना आपटतात आणि ते कंप पावू लागतात. नायट्रोजनच्या या कंपनाची ऊर्जा कार्बन डायऑक्साइडच्या एका विशिष्ट कंपनाच्या ऊर्जेशी जवळजवळ तंतोतंत जुळते, त्यामुळे टक्कर होताच ती त्याच्याकडे जाते. शेजारच्या झोपाळ्याला योग्य वेळी झोका द्यावा तसे हे आहे. कार्बन डायऑक्साइडचा रेणू वरच्या पातळीवरून खालच्या पातळीवर येतो तेव्हा १०.६ मायक्रोमीटर तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश बाहेर पडतो. खालच्या पातळीवर आलेल्या रेणूंना तेथून हलवून जागा मोकळी करण्याचे आणि उष्णता काचेच्या भिंतीपर्यंत पोचवण्याचे काम हेलियम करतो. वायू तापला की ही खालची पातळी भरलेलीच राहते आणि लेसर मंदावतो. म्हणून ट्यूबभोवती काचेचेच दुसरे वेष्टन असून त्यातून थंड पाणी सतत फिरत ठेवावे लागते. हे पाणी ध्यानात ठेवावे, कारण पुढची निम्मी कथा पाण्याचीच आहे.

ट्यूबमधून निघालेली शलाका तीन आरशांवरून वळत वळत एका भिंगापाशी येते आणि भिंग तिला खाली ठेवलेल्या वस्तूवर एकवटते. या प्रकाशाला साधी काच अपारदर्शक असते. म्हणून भिंग झिंक सेलेनाइडचे, पिवळसर रंगाचे. भिंगाचे नाभीय अंतर ५०.८ मिलिमीटर म्हणजे दोन इंच. पाच मिलिमीटर जाडीची शलाका अशा भिंगातून गेली की तरंगलांबीच्या मर्यादेमुळे तिचा ठिपका सुमारे ०.१४ मिलिमीटर व्यासाचा होतो. त्यावर ३० वॅट पडले तर दर चौरस मिलिमीटरला सुमारे दोन हजार वॅट होतात. भर दुपारच्या उन्हात हाच आकडा एक हजारांश वॅट असतो. म्हणजे उन्हाच्या वीस लाख पट. भिंगाने उन्हात कागद जाळणाऱ्या मुलाला यापुढे काही समजावून सांगावे लागत नाही.

हा प्रकाश दिसत नाही, त्यामुळे डोळा आपोआप मिटत नाही, आणि बुबुळावरचा पारदर्शक पडदा भाजतो. आमच्या जुन्या यंत्राला झाकण उघडताच लेसर बंद करणारी कळच नव्हती. आम्ही ती पहिल्याच आठवड्यात बसवून घेतली आणि मगच पुढचे काम सुरू केले. खाली सांगितलेला प्रत्येक प्रयोग झाकण बंद करून केलेला आहे.

चिकटपट्टीची परीक्षा

पहिला दोष सर्वांत सोपा निघाला. घाटातल्या वळणांनी आणि खड्ड्यांनी आरसे हलले होते. आरसा जितक्या अंशांनी फिरतो त्याच्या दुप्पट अंशांनी परावर्तित किरण फिरतो, हे आपण शिकवतो. यंत्रात ते मोजता येते.

दुसऱ्या आरशाच्या तोंडावर कागदी चिकटपट्टी लावायची. सरकणारा दांडा पहिल्या आरशाजवळ आणायचा, झाकण लावून क्षणभर कळ दाबायची. पट्टीवर करपल्याचा ठिपका पडतो. मग दांडा दूरच्या टोकाला नेऊन पुन्हा तेच. दोन्ही ठिपके एकावर एक पडले तर शलाका दांड्याच्या मार्गाला समांतर आहे. आमच्या यंत्रात ३०० मिलिमीटर अंतरात ठिपका ३ मिलिमीटर सरकत होता. म्हणजे किरण ०.०१ रेडियन, सुमारे अर्ध्या अंशाहून थोडा अधिक तिरपा. आरशाची चूक त्याच्या निम्मी. मागच्या स्क्रूचा अर्ध्याहूनही कमी फेरा पुरला. ठिपके वेगवेगळे पडले तर आधीचा आरसा फिरवायचा. एकाच जागी पण मध्यापासून दूर पडले तर आरशाला हात न लावता ट्यूबच वरखाली करायची. हा भेद कळला नाही तर माणूस दिवसभर स्क्रू पिळत बसतो. आम्ही बसलो होतो.

आरसे जुळले आणि करटीवर पहिली रेघ उमटली. फिकट होती, पण होती.

विहिरीचे पाणी

थंड ठेवण्यासाठी आम्ही बादलीत शाळेच्या विहिरीचे पाणी भरले होते. एप्रिल अखेरीला किनाऱ्याजवळच्या पुष्कळ विहिरींप्रमाणे तेही मचूळ होते. पाणी कितपत तापले हे पाहायला आमच्यातल्या एकाने यंत्र चालू असताना बादलीत बोट घातले आणि झटकन काढले. मुंग्या चावल्यासारख्या झिणझिण्या आल्या. दोन मुले शेजारी उभी होती. त्यांच्यापैकी कोणी बोट घातले असते तर, हा विचार आजही नकोसा वाटतो.

यंत्र तेथेच बंद केले. कारण शोधायला आठवडा लागला. ट्यूबच्या धन टोकावर हजारो व्होल्ट असतात. थोडी वीज पाण्याच्या वेष्टनाकडे झिरपतेच. पाणी शुद्ध असेल तर ती पुढे सरकत नाही, कारण शुद्ध पाणी विजेचे अगदी मंद वाहक आहे. मचूळ पाण्यात क्षारांचे आयन असतात आणि नळीतले पाणी तारेचे काम करू लागते. तरीही यंत्राचा भूसंपर्क, म्हणजे अर्थिंग, चांगला असता तर वीज त्या वाटेने गेली असती. वायरमनने फेज आणि अर्थिंग यांच्यामध्ये शंभर वॅटचा बल्ब लावून पाहिला. तो मिणमिणला. आमची जमीन जांभ्याची. जांभा सच्छिद्र, पावसाचे पाणी त्यातून निथळून जाते आणि उन्हाळ्यात तो कोरडा ठणठणीत होतो. कोरड्या जांभ्यातून वीज सहज जात नाही. एकाच मार्गात बल्ब आणि जमिनीचा मोठा रोध असे दोन्ही आले की विद्युतदाब दोघांत वाटला जातो आणि बल्बाच्या वाट्याला थोडाच येतो. सुमारे अडीच मीटर खोल खड्डा घेऊन, नळ, कोळसा आणि मीठ घालून नवे अर्थिंग केले, उन्हाळ्यात त्यात रोज बादलीभर पाणी ओतायचे ठरले, आणि बल्ब पुरा पेटला. बल्बाची ही चाचणी वायरमननेच करावी, शिक्षकांनी नाही. उच्च दाबाच्या पेटीला तर आम्ही कोणी हात लावत नाही. यंत्र बंद केल्यावरही तिच्यातल्या धारित्रात विद्युतप्रभार शिल्लक राहू शकतो.

बादलीत आता बॅटरीच्या दुकानात मिळणारे ऊर्ध्वपातित पाणी असते. यंत्र चालू असताना कोणीही पाण्यात हात घालत नाही, तापमापी आधीच दोरीने बांधून सोडलेला असतो. एक बारकी गोष्ट : पाणी बाहेर पडण्याची तोटी वरच्या बाजूला यावी अशी ट्यूब बसवावी. नाहीतर वेष्टनात हवेचा बुडबुडा अडकतो, तेवढ्या जागी काच तापते आणि तडकते.

"हेका घाम इलो!"

मे महिना. पाणी पाच मिनिटांत ३३ अंशांवर जाई आणि रेघ फिकट होत जाई. माहितीपत्रकात पाणी २० अंशांच्या आसपास ठेवा असे लिहिलेले होते. आम्ही बाटल्यांत पाणी गोठवून त्या बादलीत सोडल्या. पाणी १८ अंशांवर आले आणि आता काम होणार अशी आमची खात्री झाली. झाले उलटे. रेघ आणखी फिकट झाली आणि काही वेळाने नाहीशी झाली. यंत्र बंद करून मागचे झाकण उघडल्यावर आठवीतली एक मुलगी वाकून पाहत म्हणाली, "सर, हेका घाम इलो!"

ट्यूबच्या तोंडाशी, जेथून शलाका बाहेर पडते तेथे, दव जमले होते. १०.६ मायक्रोमीटरच्या प्रकाशाला पाणी फार शोषते. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा जाड पाण्याचा थर असला तरी निम्म्याहून अधिक प्रकाश तेथेच संपतो. आम्ही लेसरच्या तोंडावर पाण्याचा पडदा बांधला होता.

कोल्हापूरला हे का झाले नव्हते? तेथे उन्हाळ्यातल्या एखाद्या दुपारी हवा ३६ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असेल तर दवबिंदू १६ अंशांच्या आसपास येतो. १८ अंशांचे पाणी त्याच्या वर आहे, दव पडणार नाही. मालवणला हवा ३२ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर दवबिंदू २६ अंशांच्या जवळ. म्हणजे कोल्हापुरात जो सल्ला बरोबर, तोच येथे चुकीचा. माहितीपत्रक छापणाऱ्याने खाऱ्या वाऱ्याचा विचार केलेला नव्हता.

दवबिंदू मोजायला उपकरण विकत घ्यावे लागत नाही. चकचकीत स्टीलच्या पेल्यात पाणी घ्या, तापमापी ठेवा आणि बर्फाचे छोटे तुकडे एकेक करून टाकत ढवळत राहा. पेल्याची झळाळी ज्या तापमानाला मंदावते ते टिपा. मग बर्फ घालणे थांबवा. झळाळी ज्या तापमानाला परत येते तेही टिपा. दोहोंची सरासरी म्हणजे दवबिंदू. श्वास पेल्यावर पडू देऊ नये, एवढे पथ्य. आमच्याकडे हा प्रयोग आता यंत्र सुरू करण्याआधी रोज होतो आणि बादलीतले पाणी दवबिंदूच्या एक-दोन अंश वरच ठेवले जाते.

यात तडजोड आहे. उन्हाळ्यात २७ अंशांच्या पाण्यावर ट्यूबची पुरी शक्ती मिळत नाही आणि जोर केला तर तिचे आयुष्य घटते. म्हणून आम्ही विद्युतप्रवाह १५ ऐवजी १० मिलिअँपिअरवर ठेवतो, दहा मिनिटांच्या कामानंतर विश्रांती देतो आणि पाणी ३० अंशांवर गेले की थांबतो. डिसेंबर-जानेवारीत सकाळी मतलई वारे सुटतात, जमिनीवरून येणारी हवा कोरडी असते, दवबिंदू बराच खाली उतरतो. तेव्हा बर्फाच्या बाटल्या बिनधोक चालतात. मुलांची मोठी कामे आम्ही त्या दिवसांसाठी राखून ठेवतो.

ट्यूब खरोखर संपली होती का?

दव गेले तरी जून उजाडेपर्यंत रेघेत जोर आला नाही. पुन्हा फोन, पुन्हा तेच उत्तर. आता मात्र आम्ही ठरवले की आधी मोजायचे, मग पैसे टाकायचे.

लेसरची शक्ती मोजण्याची महागडी उपकरणे असतात, पण त्यांचे तत्त्व नववी-दहावीच्या पुस्तकातले आहे. आम्ही २०० ग्रॅम वजनाचा ॲल्युमिनियमचा ठोकळा घेतला. उघडे ॲल्युमिनियम हा प्रकाश परतवून लावते, म्हणून त्याच्या एका बाजूला मोटारसायकलच्या सायलेन्सरला देतात तो उष्णता सोसणारा काळा रंग दिला. वरून भोक पाडून त्यात तेलाचा थेंब आणि तापमापी. ठोकळा शलाकेच्या वाटेत ठेवायचा, झाकण लावायचे, साठ सेकंद लेसर चालू, मग अर्धा मिनिट थांबून तापमानातली वाढ वाचायची. ॲल्युमिनियमची विशिष्ट उष्मा दर ग्रॅम-अंशाला ०.९ ज्यूल. वस्तुमान, विशिष्ट उष्मा आणि तापमानातली वाढ यांचा गुणाकार केला की ज्यूल मिळतात. त्यांना ६० ने भागले की वॅट.

ट्यूबच्या तोंडाशी ठोकळा ८.९ अंशांनी तापला : २६.७ वॅट. यंत्रावर ४० वॅट लिहिलेले आहे, पण एवढ्या लांबीच्या ट्यूबमधून तितके निघत नाहीत. तीसच्या आतबाहेर मिळाले तरी खूप. जुन्या ट्यूबच्या मानाने २६.७ वॅट चांगलेच होते. ट्यूब संपलेली नव्हती!

तिसऱ्या आरशानंतर वाढ ७.४ अंश, म्हणजे २२.२ वॅट. प्रत्येक आरसा ९५ टक्के प्रकाश परतवतो असे धरले तर तीन आरशांनंतर सुमारे ८६ टक्के उरायला हवेत. आमचे ८३ उरले. ठीक आहे. मग ठोकळा भिंगाच्या बराच खाली, शलाका पुन्हा फाकते तेथे ठेवला. वाढ अवघी ३.१ अंश, ९.३ वॅट. म्हणजे एकट्या भिंगात निम्म्याहून अधिक शक्ती नाहीशी होत होती.

भिंग काढून उजेडात धरले तर मध्यभागी तपकिरी डाग दिसला. ही चूक सर्वस्वी आमची. यंत्रासोबत मत्स्यटाकीत हवा सोडतात तसा एक छोटा पंप आला होता, त्याची नळी प्रवासात निखळली होती. तो बिनमहत्त्वाचा समजून आम्ही कोपऱ्यात ठेवला. त्याचे काम भिंगाखाली हवेचा झोत सोडून धूर वर चढू न देणे हे होते. करटीचा धूर चिकट असतो. तो ओलाव्याबरोबर भिंगावर बसला, लेसरने तापला आणि करपून भिंगाच्या लेपात मुरला. गंमत अशी की वाऱ्याबरोबर येणारे मीठ कोरडे असेल तर या प्रकाशाला पारदर्शक असते. मिठाच्या स्फटिकाच्या खिडक्या अवरक्त प्रकाशाच्या उपकरणांत वापरल्या गेल्या आहेत. घात करतात ते मिठाने ओढून घेतलेले पाणी आणि त्यात रुतलेली काजळी.

आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसून डाग गेला नाही. नवे भिंग ट्यूबच्या किमतीच्या दहाव्या हिश्शातही आले नाही. त्यानंतर भिंगाखाली २१ वॅट मिळाले. आता पंप चालू असल्याशिवाय कोणी लेसर चालवत नाही आणि दर शनिवारी आरसे व भिंग पुसले जातात. झिंक सेलेनाइड ठिसूळ असते आणि त्याची पूड विषारी. म्हणून ही पुसापुशी शिक्षकच करतात आणि नंतर हात धुतात.

करटीची गोलाई

शक्ती मिळाली, आता नेम. भिंगापासून नेमक्या किती अंतरावर वस्तू ठेवायची हे काढायला लाकडाची एक पट्टी तिरकी ठेवावी, एक टोक वर, एक खाली, आणि तिच्यावर लांब सरळ रेघ ओढावी. रेघ दोन्ही टोकांना जाड आणि मध्ये कोठेतरी केसासारखी बारीक येते. ती जागा म्हणजे नाभी. वर्गात भिंगाचे नाभीय अंतर शिकवण्याची याहून देखणी रीत आम्हांला माहीत नाही.

पट्टीवर बारीक आलेले अक्षर करटीवर मात्र कडेला पसरते. नाभीच्या वर-खाली सुमारे १.४ मिलिमीटरपर्यंतच ठिपका बारीक राहतो. करटीची त्रिज्या ५५ मिलिमीटर धरली तर ३० मिलिमीटर रुंदीच्या चित्राच्या कडा मध्यापेक्षा दोन मिलिमीटर खाली असतात. नेम मधल्या उंचीवर धरला की वर-खाली एकेक मिलिमीटरचाच फरक पडतो आणि चित्र स्पष्ट येते. रुंदी ४० केली तर कडा ३.८ मिलिमीटर खाली जातात, अर्धा फरक १.९, मर्यादेबाहेर. वर्तुळाच्या जीवेचे प्रमेय कशाला शिकायचे असे विचारणाऱ्या मुलांनी हा हिशेब स्वतः केला. तेव्हापासून आमच्या करटीवरची नावे तीन सेंटीमीटरांत बसतात. लांब नावाचे मालक करटी फिरवून दुसरी ओळ घालून घेतात.

काय घालू नये

मुले काहीही यंत्रात घालून पाहू इच्छितात. रेक्झिन आणि फलकांचे फ्लेक्स कधीही घालू नये. दोन्हींत पीव्हीसी असते, ते जळले की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो फुप्फुसांना घातक आणि दमट हवेत यंत्राचे लोखंड एका आठवड्यात गंजवणारा. धूर बाहेर नेणारा पंखा हवाच. करटी आणि सोडणाचा भुसा झटकन पेट घेतो, म्हणून यंत्र चालू असताना कोणीतरी शेजारी उभे असलेच पाहिजे, हाताशी पाण्याची नव्हे तर वाळूची बादली. किल्ली शिक्षकाच्या खिशात.

अलीकडे निळ्या प्रकाशाची छोटी, उघडी, स्वस्त लेसर यंत्रे मिळतात आणि काही शाळा ती घेतात. आमच्या यंत्राचे साधे पारदर्शक ॲक्रिलिकचे झाकण अवरक्त शलाका अडवते. निळा प्रकाश मात्र त्यातून आरपार जातो, डोळ्याच्या भिंगातून थेट पटलावर एकवटतो, आणि ती इजा भरून येत नाही. त्या यंत्रांना बंद पेटी आणि त्या तरंगलांबीसाठीचाच चष्मा हवा. आमचा अनुभव तेथे लागू करू नये.

शेवटचा प्रश्न पावसाळ्याचा. जुलैमध्ये यंत्र सुरू केले की उच्च दाबाच्या तारेजवळ टिकटिक आवाज येई आणि ओझोनचा उग्र वास सुटे. साधे मीठ हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की पाझरू लागते. बरणीतले मीठ पावसाळ्यात ओले होते ते याचमुळे. तारेवर बसलेला मिठाचा थर असाच ओला झाला आणि विजेला वाट मिळाली. जाणत्या वायरमनने तो भाग पुसून सिलिकोनने पुन्हा बंद केला. पण रोजचा उपाय आम्हांला घरातच सापडला. कोकणात पुस्तकांच्या कपाटात, हार्मोनियमशेजारी पावसाळ्यात छोटा बल्ब लावून ठेवतात. आम्ही यंत्राचा प्लग काढून त्याच्या मागच्या कप्प्यात, लाकडाच्या तुकड्यांपासून आणि भुशापासून दूर, पंधरा वॅटचा बल्ब लावला. बाहेर २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असताना कप्प्यातली हवा ३३ अंशांवर गेली की तिच्यातली बाष्पाची मात्रा तीच राहते, पण सापेक्ष आर्द्रता ६८ टक्क्यांवर उतरते. मीठ कोरडेच राहते. बल्ब जूनच्या पहिल्या पावसाला लागतो आणि नवरात्रात निघतो. कप्प्यात टांगलेल्या दोन तापमापींपैकी एकीला ओले फडके बांधलेले आहे. दोन्हींचे आकडे मुले रोज सकाळी प्रार्थनेनंतर वहीत लिहितात.